स्वतःचा आवाज ऐकवत नाही, काय करू?

अबोली_७
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यात ऑफिसात नव्या लोकांसाठी एक सत्र घेतलं. कुणीतरी ते रेकॉर्ड करून सगळ्यांना पाठवलं. मी वीस सेकंद ऐकलं आणि फोन पालथा घातला. हा आवाज माझा? जाड, नाकातला, वाक्य संपता संपता बसत जाणारा. ४६ वर्षं मी हाच आवाज घेऊन लोकांत वावरतेय आणि कुणी अवाक्षर काढलं नाही!

यामागे एक जुनं दुखणं आहे. सातवीत समूहगीताच्या तालमीत बाई रांगेतून कान देत फिरल्या, माझ्यापाशी थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "तू उभी राहा, पण नुसते ओठ हलव." कार्यक्रम झाला, टाळ्या मिळाल्या. तेव्हापासून चारचौघांत गायची वेळ आली की मी ओठच हलवते. इतका सराव झालाय की शेजारी उभ्या माणसालाही कळत नाही.

आता गाणं शिकायचं मनात आलंय. एका क्लासच्या बाईंशी बोलले. त्या म्हणाल्या, "कुठल्याही दोन ओळी म्हणून पाठवा, आवाज कसा आहे ते बघू." अकरा वेळा रेकॉर्ड केलं, अकरा वेळा पुसलं.

सगळ्यांनाच स्वतःचा आवाज असा परका वाटतो का? आवाज शिकून बदलतो, की देवाने दिला तो दिला? आणि या वयात सुरुवात करणं म्हणजे हसं करून घेणं आहे का? खरं काय ते सांगा, समजूत घालू नका.

टवाळ
रुमाल टाकून ठेवतो.

मला माझा आवाज प्रचंड आवडतो. न्हाणीघरातून बाहेर पडल्यावर काय होतं कुणास ठाऊक.

कर्णपटल
टवाळ, न्हाणीघराचं श्रेय फरश्यांना आहे. गुळगुळीत भिंतींवरून आवाज परत परत आदळतो, लांबतो आणि त्यात कणसूर, म्हणजे किंचित चुकलेले सूर, झाकले जातात.

अबोली, पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: जवळपास सगळ्यांना. आपण बोलतो तेव्हा आवाज दोन वाटांनी कानात शिरतो. एक हवेतून, जसा बाकीच्यांना ऐकू येतो तसा. दुसरा कवटीच्या हाडांतून थेट आतल्या कानापर्यंत. ही हाडांची वाट खालच्या कंपनांना जास्त उचलते, त्यामुळे स्वतःला आपण भरदार ऐकू येतो. रेकॉर्डिंगमध्ये फक्त हवेचा भाग येतो. कान बोटांनी बंद करून दोन वाक्यं बोला, मग उघडून तीच बोला. बंद कानांत जी घुमारी येते, तसली भर रेकॉर्डिंगमध्ये वजा होते.

एक गंमत मात्र आहे. बहुतेक जण म्हणतात "रेकॉर्डिंगमध्ये माझा आवाज चिरका येतो." तुम्हाला तो जाड वाटला. म्हणजे तुमचा आवाज मुळातच खालच्या पट्टीतला असावा. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

पांढरीपाच
कर्णपटल यांच्या शेवटच्या ओळीला जोरदार अनुमोदन. माझी तर तिथेच ट्यूब पेटली.

मी गेली एकोणीस वर्षं गाणं शिकवते. नावाजलेली वगैरे नाही, घरी येणारी पोरं आणि संध्याकाळी येणारी मोठी माणसं. "मला लहानपणी बेसूर म्हणायचे" असं सांगत येणारे माझ्याकडे इतके झाले की मी ते वाक्य पुरं व्हायच्या आत तंबोरा सुरू करते. यातल्या बहुतेकांना सूर नीट कळतो. दुसऱ्याने चुकीचा लावला की चेहरा आंबट होतो यांचा! भानगड असते पट्टीची, म्हणजे सा पेटीच्या कुठल्या स्वरावर धरायचा त्याची. शाळेत पेटी एका पट्टीत धरतात, समजा पांढरी पाच किंवा काळी चार, आणि पन्नास मुलींनी त्यात गायचं. ज्या मुलीचा सा त्याच्या खाली, पांढरी तीनला आहे, तिला मध्य सप्तकापर्यंत ठीक जातं, तार षड्जाच्या, म्हणजे वरच्या सा च्या, आसपास गळा आवळतो. मग ती एक तर सप्तक मोडून खाली येते, नाहीतर मधेच कुठेतरी लोंबकळते. बाईंना वाटतं पोरगी बेसूर.

पहिल्या दिवशी मी काय करते सांगते. गाणं म्हणायलाच लावत नाही. गप्पा मारते. समोरचा माणूस ऐकता ऐकता "हं... हं..." म्हणत असतो ना, तो हं कुठे पडतो ते पेटीवर शोधते. बेसावध हुंकार खोटं बोलत नाही. त्याच्या थोडं वर षड्ज धरून बघते. गेल्या वर्षी एक बँकेतले गृहस्थ आले होते. त्यांचा ग कायम वर चढायचा. तीन महिने आम्ही त्या गंधाराशी भांडलो. मग एकदा मी पेटी बंद केली आणि नुसत्या तंबोऱ्यावर त्यांना गायला लावलं, तर ग आपसूक खाली येऊन बसला. पेटीचा गंधार तंबोऱ्यातून निघणाऱ्या स्वयंभू गंधारापेक्षा किंचित चढाच असतो, त्यांचा कान पेटीला धरून बसला होता. म्हणजे माणूस अति सुरेल होता आणि ओरडा खात होता. तो ओरडा माझाच, हेही कबूल करते.

बाराव्यांदा रेकॉर्ड करा आणि न ऐकता पाठवा. ऐकायचं काम त्यांचं आहे.

खर्जातला
शिकवणाऱ्यांविषयी आदर ठेवून थोडं वेगळं सांगतो. आवाज लागतोच. घोटून तयारी येते, ताना येतात, लय अंगात मुरते. पण गळ्यातला मूळचा गोडवा घोटून येत नाही. मी वीस वर्षं रियाज केलाय, आजही माझा आवाज दाराच्या बिजागरीसारखा आहे. माझ्या धाकट्या भावाने एक दिवस रियाज केला नाही, तो नुसता "ए दादा" म्हणाला तरी लोक वळून बघतात.

धागाकर्तीला सल्ला: पहाटे उठून तासभर खर्ज भरा. मंद्र षड्जावर दीर्घ श्वासाचा ओंकार. सहा महिन्यांत आवाजाला वजन येईल.

टवाळ
पहाटे तासभर खर्ज! शेजाऱ्यांच्या आवाजालाही वजन येईल.

पांढरीपाच
खर्जातला, गोडवा म्हणजेच चांगला आवाज, हे गृहीत धरलंत तिथे आपलं जमत नाही.

गंगूबाई हनगल यांच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिका ऐका. बारीक, तीक्ष्ण, वरच्या पट्टीतला आवाज. पुढे घशाच्या दुखण्यानंतर तो कायमचा उतरला, इतका की नुसतं ऐकणाऱ्याला पुरुष गातोय असं वाटावं. लौकिक अर्थाने आवाज गेलाच की. पण आज आपण ज्या गंगूबाईंना ओळखतो त्या या उतरलेल्या आवाजाच्या. कुमार गंधर्वांचं उदाहरण तर सगळ्यांना माहीत आहे. क्षयाने फुप्फुस निकामी झालं, काही वर्षं गाणं बंद. परत गायला लागले तेव्हा लांब दमसास उरला नव्हता. मग छोट्या छोट्या तुकड्यांत, मधल्या शांततेला कामाला लावत गायले. त्यांची नक्कल करणारे धडधाकट फुप्फुसांचे गवय्येसुद्धा आज तसंच तुटक गातात.

बिजागरीचा आवाज असेल तर बिजागरीला शोभेल असं काय गाता येईल, ते शोधायचं. तुमच्या वीस वर्षांत तुम्ही बिजागरीला बासरी बनवायला गेलात का, हे मला न ऐकता सांगता येणार नाही.

खर्जातला
बिजागरीला बासरी. घाव बसलाय, पण बरोबर जागी. विचार करतो.

खर्जाचा सल्ला मात्र मागे घेत नाही.

स्वरतंतू
तोच थोडा मागे घ्या अशी विनंती. मी वाचा आणि आवाज उपचाराच्या क्षेत्रात आहे. इथे वाचून कुणी उद्या पहाटे उठून घसा ताणत बसू नये म्हणून लिहितेय.

स्वरतंतू म्हणजे तारा नव्हेत, श्वासनलिकेच्या तोंडाशी असलेल्या दोन मऊ घड्या. पुरुषांत साधारण १.७५ ते २.५ सेंटिमीटर, स्त्रियांत १.२५ ते १.७५. बोलताना पुरुषांत त्या सेकंदाला १००-१३० वेळा, बायकांत २०० च्या आसपास एकमेकींवर आपटतात. गाताना आणखी जास्त. एका तासात किती टाळ्या वाजल्या याचा हिशेब तुम्हीच करा. झोपून उठल्यावर या घड्या जरा सुजलेल्या असतात, म्हणून सकाळी आवाज जाड आणि खाली लागतो. त्या वेळी हलकेच, न ढकलता खर्ज लावला तर त्रास होत नाही. पण "वजन येऊ दे" म्हणून गळा दाबून काढलेला खर्ज म्हणजे सुजलेल्या जागेवर हातोडी. माझ्याकडे अशा लोकांची रांग असते.

आणखी दोन गोष्टी, लोकांचा फार गैरसमज आहे म्हणून. गुळण्यांचं पाणी स्वरतंतूंपर्यंत जात नाही. गेलं तर ठसका लागेल आणि जीव घाबराघुबरा होईल. पाणी प्यायलेलं उपयोगी पडतं ते सगळ्या शरीरातून फिरून. थेट पोचते ती वाफ. आणि आवाज बसला की लोक कुजबुजत बोलतात, ती विश्रांती नव्हे. कित्येक जण कुजबुजताना गळा जास्तच आवळतात. बसलाच असेल तर गप्प बसा, नाहीतर हळू पण खऱ्या आवाजात बोला.

सगळ्यात जास्त बिघडलेले आवाज गायकांचे नसतात, शिक्षकांचे असतात. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो. एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्ये हे दाखवून दिलं, म्हणून त्याच्याच नावाने ओळखतात. वर्गात मुलं बोलतात, बाई चढतात, मुलं आणखी चढतात. रोज सहा तास. मग स्वरतंतूंवर गाठी. घोगरेपणा तीन आठवड्यांवर राहिला तर घरगुती उपाय थांबवून कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

भुईचक्र
हे वाचून मी सकाळपासून गप्प आहे. घरचे विचारतायत काय बिनसलं.

नेपथ्य
छान चाललाय धागा. नाटकवाल्यांची बाजू मांडतो.

पहिल्या नाटकाच्या तालमीत आमचे दिग्दर्शक शेवटच्या रांगेत बसायचे, हातात पेन्सिल. शब्द पोचला नाही की खुर्चीच्या दांड्यावर एकदा टक. ओरडलो की दोनदा टक टक. पहिल्या आठवड्यात मला फक्त टक आणि टक टक एवढंच ऐकू येत होतं. पोचवायचं पण ओरडायचं नाही, म्हणजे करायचं काय? ते सांगायचे नाहीत. तेराव्या का चौदाव्या दिवशी एक लांबलचक स्वगत झालं आणि पेन्सिल वाजलीच नाही. मला वाटलं झोपले. बघतो तर पेन्सिल कानावर खोचलेली.

काय बदललं होतं, ते मला नंतर कळलं. मी स्वर मोठे करायचो आणि व्यंजनं गिळायचो. वाक्याचा शेवटचा शब्द तर कायमचा पोटात. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणजे सगळी मदार त्याच्यावर, आणि आपण तेच खातो. "मी तुला कधीच माफ..." पुढे करणार की नाही, हे पहिल्या तीन रांगांचं गुपित. अबोलीताई, तुम्ही "वाक्याच्या शेवटी बसत जाणारा" म्हणालात तो आवाजाचा दोष नाही, श्वासाचा हिशेब आहे. श्वास वाक्याच्या सुरुवातीलाच उधळला जातोय. महिनाभर रोज एक पान मोठ्याने वाचा, क्रियापदापर्यंत श्वास शिल्लक ठेवून.

डेमोस्थेनिस या ग्रीक वक्त्याने तोंडात खडे धरून सराव केला, अशी गोष्ट सांगतात. आमच्या एका नटाने खरंच करून बघितलं. खडा गिळला. प्रयोगाला मात्र वेळेवर हजर होता.

कर्णपटल
नेपथ्य यांच्या "ओरडल्याशिवाय पोचवायचं" यामागे भौतिकशास्त्र आहे, सांगितल्याशिवाय राहवत नाही. ऑपेरा गायक माइकशिवाय भल्यामोठ्या वाद्यवृंदावरून ऐकू येतो तो काही सगळ्यांपेक्षा जोरात गातो म्हणून नाही. वाद्यवृंदाची ताकद ५०० हर्ट्झच्या आसपास एकवटते आणि पुढे उतरत जाते. तयार गायक घशाची पोकळी अशी जुळवतो की ३००० हर्ट्झच्या परिसरात आवाजाला एक कणा येतो. तिथे वाद्यं विरळ आणि आपला कान सर्वांत तल्लख. योहान सुंडबर्ग या स्वीडिश संशोधकाने यावर आयुष्य घालवलं. गर्दीत धक्काबुक्की न करता मोकळ्या बोळातून निघून जावं, तसा प्रकार.

अवांतर: जुन्या टेलिफोनवर ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढंच जायचं. पुरुषाच्या आवाजाचं मूळ कंपन १०० च्या आसपास, म्हणजे ते तारेवरून कधी आलंच नाही. तरीही तो पुरुषाचा आवाज म्हणूनच ऐकू यायचा, कारण वरचे स्वरांश, म्हणजे मूळ कंपनाच्या पटीतली कंपनं, ऐकून मेंदू खालचा मूळ स्वर स्वतः भरून काढतो. एवढ्या वर्षांत फोनवर ऐकलेले बाप्यांचे आवाज अर्धे आपणच रचलेले होते.

दुपारचं_ऊन
मेंदू भरून काढतो म्हणे. माझ्या बाबतीत चुकीचं भरतो. मी पुरुष आहे, वय ३८, उंची पावणेसहा फूट, दाढी. फोनवर मात्र "मॅडम". ग्राहक सेवा केंद्रवाले तर "तुमच्या मिस्टरांना फोन द्या" म्हणतात. तेरा-चौदाव्या वर्षी सगळ्या पोरांचे आवाज फुटले, माझाही जरा घोगरा झाला, महिन्याभराने परत होता तसा. वडील वर्षभर वाट बघत होते.

कॉलेजात मी मुद्दाम जाड बोलायचो. दिवसभर. संध्याकाळी घसा असा दुखायचा की जेवताना बोलवत नसे. आईला वाटायचं पोरगा घुम्या झालाय. ते कधी सोडलं ते आठवत नाही. हल्ली "मॅडम" म्हटलं की मी दुरुस्त करत नाही, मॅडमचं काम लवकर होतं.

स्वरतंतू
दुपारचं_ऊन, वयात येताना स्वरयंत्र वाढतं पण बोलण्याची जुनी सवय तशीच राहते, असं काही मुलग्यांत होतं. यंत्र मोठ्याचं, वापर लहानपणीचा. यावर उपचार असतो आणि पुष्कळदा थोड्या बैठकांत फरक पडतो. तुमचं तसंच असेल असं न तपासता म्हणत नाही. आणि तुम्हाला बदलायचाच नसेल तर तोही तुमचाच हक्क.

दुपारचं_ऊन
विसाव्या वर्षी हे कुणी सांगितलं असतं तर धावत आलो असतो. आता माझी मुलगी याच आवाजात गोष्ट ऐकून झोपते. राहू दे.

अनवट
पुरुषाला बारीक आवाजाची लाज आणि बाईला? मार्गारेट थॅचर यांनी राजकारणात वर येताना आवाज खाली आणण्याचं शिक्षण घेतलं. का घ्यावं लागलं? बाईचा आवाज चढला की ती "किंचाळते", पुरुषाचा चढला की त्याचं बोलणं "ठाम". मी बैठकीत एक मुद्दा मांडते, कुणी ऐकत नाही. दोन मिनिटांनी शेजारचा तोच मुद्दा खर्जात मांडतो, सगळे वहीत लिहून घेतात. अबोलीला स्वतःचा आवाज जाड वाटतो, दुपारचं_ऊन यांना स्वतःचा बारीक वाटायचा. एकमेकांचे आवाज बदलून घेतलेत तर जग खूश! म्हणजे आवाजात खोट नाहीच, कुणाच्या तोंडून आला यावर सगळं.

खर्जातला
प्रत्येक धाग्यावर हेच आणायलाच हवं का? जाड आवाज भारदस्त वाटतो हे निसर्गातच आहे, मोठा प्राणी तो खालचा आवाज.

अनवट
मग डासाला का घाबरता?

टवाळ
हा हा हा. खर्जातला, आवरा. दिवे घ्या.

पांढरीपाच
खालचा तो भारदस्त हे गाण्यात तर मुळीच टिकत नाही. नाटक मंडळ्यांच्या काळात लाउडस्पीकर नव्हता तेव्हा पुरुष गायक नटांनी उंच पट्टीत, खड्या आवाजात गाऊन राज्य केलं, आणि बालगंधर्व स्त्री भूमिकेत गात होते. त्या प्रेक्षकांना कुणी सांगितलं असतं की जाड म्हणजेच मर्दानी, तर हसले असते. माइक आला तसा खालचा, कानाशी बोलल्यासारखा आवाज चालायला लागला. त्याआधी तो दुसऱ्या रांगेतच मेला असता.

पुरुष आणि बाई एकत्र गायला बसले की पट्टीचं भांडण ठरलेलं. पंडित जसराजांनी त्यावर जसरंगी जुगलबंदी काढली. दोघं आपापल्या षड्जात, वेगवेगळे राग एकाच वेळी गातात. त्याचा मध्यम तो तिचा षड्ज. कुणी कुणाच्या पट्टीत जायचं नाही. घरोघरी लागू करण्यासारखं आहे.

नेपथ्य
माइकवरून: १९०२ मध्ये गौहर जानने ध्वनिमुद्रण केलं तेव्हा माइक नव्हताच, कर्ण्यात तोंड घालून गायचं. गाणं संपता संपता "माय नेम इज गौहर जान" असं बजावून सांगायचं, कारण तबकडी तयार होणार परदेशात आणि तिथल्या कारागिराला कुणाचं गाणं ते कळायला हवं. तीन मिनिटं जीव तोडून गायचं आणि वर स्वतःचं नावही ओरडायचं. अबोलीताईंना दोन ओळींचा फोनवर संकोच!

भुईचक्र
गप्प राहून कंटाळलो, बोलतो.

स्टीफन हॉकिंगचा यंत्राचा आवाज सगळ्यांनी ऐकलाय. तो डेनिस क्लॅट नावाच्या संशोधकाने स्वतःच्या आवाजावरून घडवला होता. पुढे क्लॅटला कर्करोग झाला आणि त्याचा स्वतःचा आवाज गेला. १९८८ मध्ये तो वारला. त्याचा आवाज मात्र हॉकिंगच्या तोंडून तीस वर्षं बोलत राहिला. नंतर जास्त नैसर्गिक आवाज निघाले, पण हॉकिंगने बदलायला नकार दिला. हाच माझा आवाज, म्हणाला.

आमच्या घरी एक कॅसेट आहे. आत्याच्या गाण्याची, ती नऊ वर्षांची असतानाची. दुसऱ्या अंतऱ्याच्या आधी मागे कुणीतरी खोकतं आणि "दार लोटा रे" म्हणतं. ते आजोबा. त्यांचा दुसरा कुठलाही आवाज कुठेही नाही. आत्याला राग येतो, सगळे तिचं गाणं पुढे ढकलून "दार लोटा रे" ऐकतात म्हणून.

अनवट
:(

टवाळ
वातावरण हलकं करायला: हेलियमचा फुगा ओढून बोललं की आवाज डोनाल्ड डकसारखा होतो, त्याचं काय? खर्जातला, तुम्हाला चालेल का?

कर्णपटल
हेलियममध्ये स्वरतंतू जवळपास त्याच वेगाने कंप पावतात. हलक्या वायूत ध्वनी जवळजवळ तिप्पट वेगाने धावतो, त्यामुळे घशाच्या आणि तोंडाच्या पोकळीची घुमारी वर सरकते. सूर तोच, रंग बदलला. आणि गंमत म्हणूनही सिलिंडरला तोंड लावू नका, प्राणवायू तुटून माणसं मेली आहेत.

स्वरतंतू
आवाजाच्या अभ्यासाचा मोठा टप्पा एका गाण्याच्या मास्तरनेच गाठलाय, हे राहिलंच सांगायचं. मानुएल गार्सिया. १८५४ मध्ये त्याने दंतवैद्याचा छोटा आरसा घशाशी धरला, दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडलं आणि स्वतःचेच स्वरतंतू हलताना बघितले. जगला १०१ वर्षं. त्याच्याकडे १८४१ मध्ये जेनी लिंड ही विशीतली स्वीडिश गायिका आली होती, अति गाऊन आवाज फाटलेला. त्याने तिला आधी गाऊच दिलं नाही, काही आठवडे गप्प बसवलं. नंतर ती युरोपभर गाजली.

अबोली, तुम्ही सातवीपासून गप्प आहात. तुमची विश्रांती जरा जास्तच झालीय.

पांढरीपाच
वा!

अबोली कुठे गेली पण? धागा काढून पळाली की काय.

अबोली_७
पळाले नव्हते. सगळं दोन-दोनदा वाचलं. उत्तर द्यायच्या आधी काहीतरी करून यावं असं ठरवलं होतं.

बाराव्यांदा रेकॉर्ड केलं, न ऐकता पाठवलं. बाईंचं उत्तर एका शब्दाचं: "या." गेल्या मंगळवारी गेले. त्यांनी गायला सांगितलंच नाही, ऑफिसात काय काम करते ते विचारत बसल्या. मी "हं, हं" करत होते आणि अचानक पांढरीपाच यांचा प्रतिसाद आठवला, तर हसू फुटलं. त्या दचकल्या. मग मी सगळं सांगितलं. म्हणाल्या, "आता तुम्ही सावध झालात, तुमच्या हंचा काही भरवसा नाही," आणि पेटीवर एकेक पट्टी धरत गेल्या. पांढरी तीनवर थांबल्या.

सा लावला. पहिल्यांदा कापला. दुसऱ्यांदा तंबोऱ्यात गेला आणि मला तो ऐकूच येईना. घाबरून थांबले, म्हटलं आवाज गेला. त्या म्हणाल्या, "गेला नाही, मिसळला."

पंचमापर्यंत गेलो. निषादाला गळा आवळला, तिथेच थांबवलं. रोज वीस मिनिटं, त्यातली पाच नुसत्या स्ट्रॉमधून हुंकार. नेपथ्य, रोज एक पानही वाचतेय. क्रियापदं अजून गिळली जातात, कमी.

ऑफिसचं ते रेकॉर्डिंग पुन्हा लावून बघितलं. नाही आवडलं. पण पूर्ण ऐकलं.

नेपथ्य
टक नाही. पेन्सिल कानावर.

स्वरतंतू
स्ट्रॉ! तुमच्या बाईंना माझा नमस्कार सांगा. ओठांशी हवा अडली की स्वरतंतूंवरची आदळआपट कमी होते, आम्ही रुग्णांना हेच देतो.

खर्जातला
अभिनंदन. पांढरी तीन चांगली पट्टी आहे. मंद्रात सुंदर घुमेल. आता पहाटे उठून जरा...

अबोली_७
संध्याकाळी.

खर्जातला
बरं, संध्याकाळी. हळू. न ढकलता.